अकरा आटे

खड्ड्यात वाकून तिने लांब दांड्याची चावी पाण्याच्या व्हॉल्व्हवर बसवली आणि एकेक आटा मोजत फिरवली. अकरा झाले तसा हात थांबवला.

"अजून दोन सोड की," काठावर उभा असलेला लॉजवाला म्हणाला. "तुझ्या भावाला उद्यापासून कामावर घेतो."

"वाचता येतं ना, काका?" तिने झाकणाकडे बोट दाखवलं. रंगाने ठळक ११ लिहिलं होतं. "कुणीही यावं, मोजावं."

"बापावर गेलीस अगदी," तो पुटपुटला.

ती खुशीत हसली. बापावर जायलाच तर तिने ही नोकरी धरली होती. तीस वर्षं पाणी सोडलं, पण कुणाचा घोटभर चहा घेतला नाही, असं बाबांचं नाव होतं. मात्र त्यांचे आटे सगळे डोक्यात. कागदावर एक आकडा नाही. म्हणून दोन महिने गल्लोगल्ली, पाणी न पोचणाऱ्या टेकडीवरच्या घरांपर्यंत फिरून तिने नव्याने गणित बसवलं होतं. आज तिच्या गल्लीच्या झाकणावरही ११ चढलं.

घरी पोचली तर आई वरच्या मजल्यावर कोरड्या नळापाशी उभी.

"इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. काहीतरी चुकतंय तुझं."

"सगळ्यांना तेवढेच सोडले, आई."

"अहो, तुम्ही आपल्या गल्लीला किती सोडायचात? सांगा तिला जरा."

बाबांनी पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली. त्यांचे कान लाल झालेले तिला दिसले.

"चौदा," ते म्हणाले.

"मग तूही चौदा सोड. एवढं काय त्यात?"

"नको," बाबा उठले. "अकराच बरोबर आहेत."

दोन बादल्या उचलून ते अंगणातल्या नळावर गेले. ती मागोमाग गेली. राग आला होता, आणि त्याहून जास्त माया दाटून आली होती. बाबा वाकून बादली भरत होते.

"टेकडीवर पोचतं का गं आता?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"पोचतं. शेवटच्या घरापर्यंत."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि तिने उचललेली भरली बादली तिच्या हातून काढून घेत स्वतःच जिना चढू लागले.