मालूबाईचं नाव आणि ठेकेदाराची पाणसळ

वैजयंतीच्या कामाला कोणी नावं ठेवली की तिच्या डोक्यात तिडीक जायची, आणि लीलाधर ठेकेदारानं तर ती भर रस्त्यात, दहा माणसांसमोर ठेवली.

अकरा वर्षं तिनं दिराच्या दुकानात गाड्यांसाठी रेडियमची अक्षरं कापली. हात हिचा, पाटीवर नाव त्याचं. तीन महिन्यांपूर्वी राजघाटाच्या उतारावर तिनं स्वतःचं दुकान टाकलं. दापोऱ्याच्या लीलाधरनं केळी वाहायला घेतलेली नवी पिकअप हे तिचं पहिलं मोठं काम. ते बिघडलं की 'बाईमाणसाचं काम' म्हणून गावभर डंका पिटला जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गाडीच्या बाजूच्या पत्र्यावर लीलाधरच्या आईचं नाव हवं होतं: 'मालूबाई'. खाली काळा थर, वर पिवळा, आणि पिवळ्याच्या कडेनं काळी रेघ सगळीकडे सारखी. त्यासाठी ती दोन्ही थरांच्या टोकांना फुलीच्या खुणा कापून ठेवायची. फुलीवर फुली बसली की अक्षरावर अक्षर बसलंच. काळा थर तिनं पत्र्याच्या लांब दुमडीला धरून लावला. आता पिवळा सरकवून नीट बसवता यावा म्हणून साबणाचं पाणी मारणार, तोच लीलाधरनं पिशवीतून पाणसळ, म्हणजे लेव्हल बघायची बुडबुड्याची पट्टी, काढली. गवंडीकामाचा ठेकेदार तो, पाणसळीशिवाय त्याला घासही उतरत नसावा! अक्षरांखाली धरली, तर बुडबुडा एका टोकाला.

"ताई, हे तर तिरपं लागलं!"

"अक्षर तिरपं नाही भाऊ, गाडी उतारावर उभी आहे. मागं चौकात सपाट आहे, तिथं घ्या आणि मग लावून बघा."

"पागल झाल्या का तुम्ही? पूजा झालेली गाडी मागं घेतात का कधी?"

चाकांखाली चार लिंबं ठेवलेली होती. ती चिरडून गाडी पहिल्यांदा पुढंच जायची, उलटी घ्यायची नाही. ही रीत वैजयंतीलाही मान्य होती. पण रीत तुमची, उतार रस्त्याचा, आणि खोट माझ्या माथी?

"वीस बरस भिंती बांधून राहिलो मी," लीलाधर लोकांकडे बघत म्हणाला. "लेव्हल झूठ बोलत नाही. बाईच्या हाती काम दिलं, माझीच गलती."

लोक हसले. वैजयंतीची कानशिलं तापली. ती तोंड उघडेपर्यंत त्यानं पिवळी अक्षरं तिच्या हातातून ओढली, मागचा कागद सोलला आणि बुडबुडा बघत कोरड्या पत्र्यावर दाबून टाकली. 'मा'पाशी काळ्यावर बसलेला पिवळा 'ई'पर्यंत दोन बोटं वर चढला. फुल्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

कोपऱ्यात तिच्या दुकानाचं छोटं नाव लावलेलं होतं. ते तिनं नखानं खरवडून काढलं.

"हे माझं काम नाही," ती म्हणाली. लिंबं चिरडत गाडी निघून गेली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी परत आली. आधी मालूबाई उतरल्या, मागून मान खाली घालून लीलाधर.

"वाचता येत नाही माय मले," मालूबाई म्हणाल्या, "पण माझं नाव गाडीवरून घसरी राहिलं, ते दिसतं. सारं दापोरा हसून राहिलं."

आता गाडी एकदा पुढं जाऊन आली होती, मागं घ्यायला कसलीच आडकाठी नव्हती. वैजयंतीनं ती चौकात, सपाट जागी घ्यायला लावली.

"काढा पाणसळ. काळ्या अक्षरांखाली धरा."

कालचेच लोक पुन्हा जमले होते. लीलाधरनं पाणसळ धरली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

"पाणसळच खराब झालेली दिसते," तो पुटपुटला.

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काल माझा हात खराब, आज पाणसळ खराब! तुमचं स्वतःचं कधीच काही चुकत नाही का, भाऊ?"

या वेळी कोणी हसलं नाही. तिनं रेडियम तापवून सोडवायचं मशीन दुकानातून आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

"ज्यानं लावलं त्यानं काढायचं. मग नवं पिवळं मी लावीन."

लीलाधरनं आईकडे पाहिलं. मालूबाई पानाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर ऐसपैस बसल्या.

"काढ," त्या म्हणाल्या.

ठेकेदार पत्र्यापुढं वाकला आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर तापवून नखानं उचकटायला लागला.

"सांभाळून," वैजयंती म्हणाली. "काळ्याला धक्का लावू नका. ते सरळ आहे."