भिंतीवरच्या तक्त्याचा जळफळाट

मित्रांनो, मी बालवर्गातला मुळाक्षरांचा जुना तक्ता आहे आणि माझे एका दोरीशी पटत नाही. दोरी तरी कसली, कपडे वाळत घालायची! तिचे नाव काढले तरी माझ्या पोटात दुखते.

माझा जन्म छापखान्यात झाला. जाड कागद, मागे कापडाचे अस्तर, वर-खाली लाकडी पट्ट्या. प्रत्येक अक्षराला चौकोनी घर आणि घरात एक चित्र. कोणी कोणाच्या घरात घुसायचे नाही, ही माझी शिस्त. जुन्या बाई लांबून छडी दाखवत आणि मुले एका सुरात म्हणत. तपासणीला आलेले साहेबसुद्धा माझ्याकडे पाहून मान डोलवत. बाईंचा एकच नियम होता, "तक्त्याला हात लावायचा नाही, मळतो!" मला तेव्हा तो मोठा मान वाटे.

मग एका वर्षी समोरच्या कोपऱ्यात छत गळू लागले. शिपाईमामांनी तिथले कपाट ढकलत आणून माझ्यापुढे लावले. माझी शेवटची ओळ त्याच्यामागे गेली. जुन्या बाई ती तोंडाने म्हणून घेत, पण त्या निवृत्त झाल्या आणि मुले 'व'पाशी थांबू लागली.

नव्या बाई आल्या. त्यांनी विचारले, "प आधी की म आधी?" झाले! सगळी पलटण 'अ'पासून धावत सुटली आणि 'प'पाशी धापा टाकत पोचली. बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधली आणि चिमटे व खोकाभर पुठ्ठ्याची अक्षरे आणली.

त्या दिवसापासून माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. दोरीपाशी मात्र जत्रा!

"ए, सरक ना, मी घ आहे. ग च्या शेजारी मीच."

"अरे, च ला कुठे घुसवतोस? त्याला अजून वेळ आहे!"

मुले अक्षरे लावत, काढत, दोरीला लोंबकळत. चिकट हातांनी तिला चाचपत. मी स्वच्छ होतो, कोरडा होतो आणि जळून खाक होत होतो.

एकदा दोरीवर 'व' लागला आणि मुलांनी टाळ्या पिटल्या, "झालं!" खोक्यात अजून सात अक्षरे उरली होती.

"मग ही कुठली?" बाईंनी विचारले.

"ती जास्तीची आहेत, बाई," एक गुंड्या म्हणाला. "पत्त्यांत जोकर असतो ना, तशी. कुठेही लावा."

ज्या मुलीला सगळे हसरी म्हणत तिने खोक्यातला 'ह' उचलून हातात धरला होता. ती रडकुंडीला आली. "माझं अक्षर जोकर नाहीये!"

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग कपाटाकडे. खरे सांगतो, दोरीची फजिती पाहून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाईंनी मामांना हाक मारली. दोघांनी कपाट ओढले, त्याची कड माझ्यात अडकली आणि टर्रकन माझी शेवटची ओळ फाटून खाली पडली.

ऊन न लागल्याने तिचे रंग अगदी नवे होते. "अय्या, हत्ती!" हसरी ओरडली. बाईंनी त्या ओळीची सात घरे कापून मुलांच्या हाती दिली आणि मुलांनी ती 'व'च्या पुढे ओळीने टांगली. हसरी तर डबा खातानाही 'ह'ला मांडीवर घेऊन बसू लागली. हत्तीच्या सोंडेवर तिच्या बोटांचे तेलकट ठसे उमटले.

आणि मित्रांनो, मला माझ्याच शेपटीचा हेवा वाटू लागला! इतकी वर्षे मी पुढे मिरवलो आणि लाड कोणाचे, तर कपाटामागे दडलेल्या ओळीचे.

शेवटी मामा म्हणाले, "बाई, हा फाटका तक्ता अडगळीत टाकू का?"

हसरी मध्ये आली. "नको ना! वरचीपण कापून द्या. माझ्या हत्तीला त्याच्या आधीची मंडळी हवी."

बाईंनी मला भिंतीवरून उतरवून जमिनीवर पसरले. मुले भोवती गुडघे टेकून बसली. पहिल्यांदाच इतके सारे तळवे माझ्यावर टेकले, गरम आणि मळके.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेले असेल, तर त्याला जपा. पण जपायचे म्हणून दूर ठेवू नका. त्याला हात लावा. मळला तर मळू द्या.

बाईंनी कात्री उचलली आणि 'अ'पासून सुरुवात केली. आयुष्यभर मी मुलांना क्रमाने चालायला शिकवले. पण गुंड्याची बोटे माझ्या 'म'वर कधीची फिरत होती, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, बाई, जरा मधली घरे गाळा ना!