झाकण उघडे होते तेव्हा

मी एक जुना डबा आहे. तांब्याचा, लांबट, चार बुटक्या पायांचा. वर घट्ट बसणारे झाकण आणि आत भोके पाडलेले एक ताट. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर लग्नघरातला पुऱ्यांचा डबा समजाल. पण माझ्यात खाण्याची वस्तू कधीच पडली नाही. माझ्यात कात्र्या, चिमटे आणि सुया उकळत असत.

माझा जन्म काशीच्या ठठेरी बाजारातला. विश्वेश्वर नावाच्या कसेऱ्याने, म्हणजे तिथल्या तांबटाने, मला ठोकून घडवले. शरदिनीबाईंनी कागदावर माझे चित्र काढून दिले होते. असले बिनगळ्याचे भांडे त्याने जन्मात केले नव्हते. कागद उलटासुलटा करून त्याने विचारले, "बाईजी, इसमें मछली पकेगी क्या?"

"लोहा पकेगा," बाई म्हणाल्या.

शरदिनीबाई काशीतल्याच दूधविनायक मोहल्ल्यातल्या एका मराठी घरातल्या. डॉक्टरी शिकून आल्या आणि त्याच गल्लीत सहा खाटांचा जनाना दवाखाना काढून बसल्या. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते, सरकारी इस्पितळेही होती. पण पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा बायका मरण पत्करत. त्या बायका बाईंकडे येत. येत, पण उशिरा येत. बाई म्हणायच्या, माझ्या सुरीपेक्षा हा उशीरच जास्त बायका मारतो.

माझे काम ठरलेले होते. पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकायचा, म्हणजे लोखंडाला गंज चढत नाही. मग अवजारे ताटात मांडायची. पाण्याला खळखळ उकळी फुटली की तिथून वीस मिनिटे मोजायची, आधीची धरायची नाहीत. जखमेतले रक्त टिपायच्या कापडी घड्याही आधी अशाच उकळून निघत. हे सारे सीता करी. सीता गल्लीच्या टोकाला राहणारी विधवा, जातीने कहार, पाणी वाहणाऱ्यांची. अक्षर येत नव्हते, पण पाटीवर रेघा ओढून ती घड्या मोजी. पोटात गेल्या किती, बाहेर आल्या किती. एकदा एक रेघ जास्त उरली. टाके घालायला घेतलेली सुई बाईंनी खाली ठेवली आणि सगळे शोधायला लागले. रोगी गुंगीत, नाडी मंद होत चाललेली. शेवटी ती घडी टेबलाच्या पायाशी रक्तात चिकटलेली सापडली. बाईंनी कपाळ पुसले आणि मगच पोट शिवले.

खंडेनवमीला सीता मला कुंकू लावी. बाई ते पाहत, हसत, आणि दुसऱ्या दिवशी मला राखेने घासायला लावत. एवढेच माझे कौतुक. एरवी सगळ्यांचे डोळे माझ्या आत असत. माझ्याकडे कोण पाहणार? ऑपरेशन झाले की मला रिकामा करून खिडकीतल्या फळीवर पालथा ठेवत. तिथून मला धुण्याची मोरी दिसे आणि आभाळाची एक पट्टी दिसे. आठवड्यातले पाच दिवस मी तसाच पडून असे.

अशात एके वर्षी, माघात, बकुळ आली.

बकुळ ढुंढिराजपंतांची बायको. पंत दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय, घाटावर त्यांचे विधी करवीत. साधा, नेमाचा माणूस. बकुळचे पोट दोन वर्षे वाढत होते. आधी शेजारणींना वाटले, दिवस गेले. मग नऊ महिने उलटले, बारा उलटले, आणि शेजारणी पदराआडून हसू लागल्या. हत्तीण सुद्धा एवढे दिवस घेत नाही, असे एकीने तोंडावर म्हटले. त्या दिवसापासून बकुळ घराबाहेर पडेना. दुखत होते तेही तिने लपवले.

बाईंनी तपासून सांगितले की बीजकोशाला गाठ आहे, काढावीच लागेल. पंतांना त्यांनी काही लपवले नाही. भूल उतरताना धोका असतो, रक्त जाते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पोटात विष भिनते. दहांतल्या आठ बायका घरी जातात, असे त्या म्हणाल्या. बकुळच म्हणाली, "अहो, हो म्हणा. हा भोपळा मी आणखी किती दिवस वागवू? निघाला की भाजी करून शेजारणींना वाढते."

आदल्या संध्याकाळपासून काही खायचे नाही, भुलीत उलटी झाली तर श्वास अडकतो, असे सीतेने समजावले. बकुळ म्हणाली, उपास मला नवा नाही, महिन्याला चार करते.

पंतांनी जाता जाता एक गोष्ट विचारली. अवजारांवर थोडे गंगाजल शिंपडले तर चालेल का? बाई दुसऱ्या रोग्याकडे निघाल्या होत्या. चालता चालता म्हणाल्या, "आधी आणून द्या, डब्यातच ओतू. उकळलं म्हणून गंगा बाटत नाही." पंत गप्प राहिले. बाईंना वाटले, पटले. पण पंतांच्या मनात वेगळेच होते. चुलीवर चढलेले पाणी म्हणजे शिजवलेले, आणि तेही सीतेच्या हातचे. ते पवित्र कसे राहील? हे त्यांनी बोलून दाखवले नाही. उगाच सीतेचे मन कशाला दुखवा, असे त्यांना वाटले.

ऑपरेशनच्या सकाळी मी वीस मिनिटे उकळलो. सीतेने पाणी ओतून काढले, घड्या ताटाच्या कडेला मांडल्या, वाफ जावी म्हणून झाकण काढले आणि बकुळला हात द्यायला गेली. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून ब्रशाने नखे घासत होत्या. पंत उंबरठ्याशी होते. हातात पंचपात्र. भोसले घाटावर स्नान करून त्यांनी ते भरून आणले होते. ते दोन पावले आत आले. तुळशीचे पान पाण्यात बुडवले आणि ओठ हलवीत माझ्यावर तीनदा शिंपडले. चिमट्यांवर, सुयांवर, घड्यांवर.

मित्रांनो, त्या थेंबांचा गारवा मला अजून आठवतो. मी तापलेला होतो, पण तेवढ्याशा उरलेल्या उष्णतेने नदीच्या पाण्यातले जंतू मरत नाहीत. बाईंची पाठ माझ्यापासून चार हातांवर होती. मी काय करू शकत होतो?

गाठ निघाली. खरोखरच भोपळ्याएवढी होती. घड्या मोजून पुऱ्या भरल्या. संध्याकाळी बकुळ शुद्धीवर आली, तिने पाणी मागितले आणि सीतेने ओला बोळा तिच्या ओठांवरून फिरवला. दुसऱ्या दिवशी ती पंतांना म्हणाली, पोट गेलं तर अंग कसं हलकं वाटतंय, मला आता वाऱ्याने उडून जायची भीती. पंत हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकले.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. चौथ्या दिवशी पोट फुगून ताठ झाले, नाडी धावू लागली. बाईंनी दोन टाके उसवून घाण वाहू दिली, खाटेची उशाकडची बाजू उंच केली, शेक दिले. त्या काळी याहून जास्त काही हातात नव्हते. सहाव्या दिवशी दुपारी बकुळ गेली. तिला मणिकर्णिकेवर नेले, आणि सीतेने त्या खाटेची चादर बदलली.

मग बाई चूक शोधायला बसल्या. आधी स्वतःची शोधली, हात किती वेळ धुतले, रेशमाचा दोरा कुठला होता. मग त्यांनी सीतेला विचारले, वीस मिनिटे पुरती झाली होती का? सीतेने देवाची शपथ घेतली. पण बाईंचा जीव जळत होता. त्या म्हणाल्या, तुला घड्याळ तरी नीट कळतं का? त्या दिवसापासून सीता मोरीवर चादरी धुऊ लागली. माझ्याकडे यायची तिला बंदी झाली. आम्ही दोघे रोज खिडकीतून एकमेकांना पाहत असू. खरे काय ते मला ठाऊक होते, तिला नव्हते.

तेरावे आटोपल्यावर पंत बकुळचे लुगडे आणि रजई न्यायला आले. मोरीवर सीता दिसली तेव्हा त्यांनी सहज विचारले, तू इथे कशी?

सीता चादर पिळत राहिली. "बाबूजी, सब कहते हैं, बहूजी मेरे हाथ से गईं."

पंत तिथेच उभे राहिले. लुगडे त्यांच्या हातात होते. ते घेऊन गेले असते तर कुणाला काही कळले नसते. त्यांच्या पाठीमागे दार उघडे होते, बाहेर गल्ली होती. ते वळले, ते बाईंच्या खोलीकडे.

"बाई, सीतेचा दोष नाही. झाकण उघडं होतं. मी पाणी शिंपडलं."

बाईंनी लेखणी खाली ठेवली.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारले. आवाज चढला नव्हता. "मी रागावले असते, तुम्हांला बाहेर काढलं असतं. आणि पुन्हा उकळलं असतं. वीस मिनिटं लागली असती, पंत. नुसती वीस मिनिटं."

पंतांनी विचारले, तिला माझ्या पाण्यानेच मारलं का? बाई खोटे बोलल्या नाहीत. गाठ आतून फुटायला आली होती, ताप त्यानेही येतो, नक्की कुणालाच सांगता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही गप्प झालात तेव्हा मी थांबून विचारायला हवं होतं. कारण सांगायला हवं होतं. मला घाई होती."

बाई स्वतः मोरीवर गेल्या. सीतेला काय म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही. पण सीतेने हात पुसले, आत आली, मला फळीवरून उतरवले आणि घासायला घेतले. मला घासता घासता ती रडत होती.

पंत त्यानंतर दर ऑपरेशनला येत. दाराबाहेरच्या ओट्यावर बसत आणि रोग्याच्या माणसांना समजावत, मराठी माणसाला मराठीत, इतरांना हिंदीत. काय विचारायचे ते आत्ता विचारा, मनात ठेवू नका. लोक म्हणत, बायको गेली तेव्हापासून भटजींचे डोके फिरले. एकदा एका मुलीची आई, आनंदी नावाची, खाली मान घालून त्यांच्याकडे आली. घड्यांच्या गाठोड्यात आपण विश्वनाथाचा अंगारा ठेवला, असे तिने कबूल केले. पंत तिला रागावले नाहीत. त्यांनी दारावर थाप मारली आणि सांगितले, "बाई, थांबा. घड्या पुन्हा उकळा." त्या दिवशी ऑपरेशन उशिरा झाले. ती मुलगी चालत घरी गेली.

पंत आठ वर्षे आले. मग एका पावसाळ्यात ओटा रिकामा राहिला तो राहिलाच. पुढे वाफेवर चालणारे मोठे यंत्र आले, बाई थकल्या, आणि मला जिन्याखाली ठेवले. आता माझ्यात फुटक्या काचा आणि गंजलेले खिळे आहेत. झाकण कुठे गेले ठाऊक नाही. महिनोन्‌महिने इथे कुणी वाकून पाहत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझे काम झाले. पण घरात एखादी बाई पोट दुखते म्हणाली, तर हसू नका, तिला लवकर न्या. आणि हातून काही चुकले, तर सगळे थांबवता येत असतानाच सांगा, मग कितीही लाज वाटो. त्या सकाळी खोलीत गप्प राहणारे आम्ही दोघे होतो, पंत आणि मी. मला तोंड नव्हते. तुम्हांला आहे.