शमुवेलचा उपास आणि शालनबाईचा बांध

उन्हाळी नांगरट निघाली आणि शालनबाई थेट ट्रॅक्टरपुढं जाऊन फतकल मारून बसली. ट्रॅक्टरवर शमुवेल होता. माझं रान दोघांच्या वरच्या अंगाला, त्यामुळं आमच्या निघोजे गावात सरपंच कोण झाला हे मला उशिरा कळतं, पण या दोघांचं भांडण सगळ्यांच्या आधी कळतं.

"काकी, सर बाजूला. माती उडंल अंगावर."

"उडू दे. अंगावरनंच ने. दरसाली नांगराचं एक तास बांध खातोस. ह्या बांधावरनं माझ्या मालकाची बैलगाडी जायची. आता शेळी बी अंग चोरून जाती."

"पावसानं झिजतोय बांध. मी काय करू?"

"पाऊस तुज्याच बाजूनं कसा रं झिजवतो?"

म्हातारी खोटं बोलत नव्हती. नांगराचं शेवटचं तास बांधाच्या पोटात घालायचं, हे आमच्याकडं पुष्कळ जण करतात. पण शमुवेलची हाव यंदा वेगळीच होती. चाकणचा एक गोदामवाला त्याचं रान बघून गेला होता. रान पसंत पडलं, पण रस्त्याच्या वळणावर कंटेनर वळायला जागा कमी, आणखी थोडी असती तर बघितलं असतं, एवढं बोलून तो माणूस निघून गेला. तेव्हापासून शमुवेलला दुसरं काही दिसतच नव्हतं. नवरा मेलेल्या बाईचा बांध, विचारायला येणार कोण?

आणि हे सगळं चाललं होतं त्याच्या उपवासकाळात. शमुवेलचं घराणं आज्यापासून ख्रिस्ती आणि हा चर्चचा पंच. ईस्टरच्या आधी त्यानं मटण सोडलं, तंबाखू सोडली, चहासुद्धा सोडला, आणि न विचारता साऱ्या गावाला ते सांगितलं. मी चहा पुढं केला की असा चेहरा करायचा, की मलाच पाप लागावं.

शालनबाईनं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"मटण सोडलंस, तमाकू सोडलीस. माझा बांध उपासाला चालतो व्हय रं तुला?"

शमुवेलनं ट्रॅक्टर मागं घेतला. पण खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून तो म्हणायला लागला, की सैतान माझ्या मागं लागलाय. रविवारची उपासना झाल्यावर त्यानं निगडीहून येणाऱ्या पाळकांना सरळ बांधावरच आणलं. निरंजन साळवे त्यांचं नाव. मीही गेलो. दुसऱ्याच्या धर्मात मला रस फार, कारण तिथं आपल्याला काही करावं लागत नाही.

शमुवेल ढेकळात गुडघे टेकून बसला. "पाळकसाहेब, ट्रॅक्टरवर बसलो की स्टेअरिंग आपसूक बांधाकडं वळतंय. सैतान वळवतोय. त्येला घालवा."

त्याची बायको रिबका मागं उभी होती. ती म्हणाली, "सैतानाकडं लायसन हाय का ट्रॅक्टरचं? डिझेल तुमी भरलं. गोदामवाल्याला जेवायला तुमी घातलं. आता त्या बिचाऱ्यावर कशाला ढकलताय?"

"तू गप."

"त्या बरोबर बोलतायत," पाळक म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता. "शमुवेलभाऊ, जागा हवीशी वाटली, एवढ्यानं पाप होत नाही. प्रभू चाळीस दिवस रानात उपाशी होता, सैतान मोहात पाडायला आला तेव्हा त्यालाही भूक लागलीच होती. सैतान नुसतं दाखवतो. ओढते ती आपली हाव, आणि हो म्हणतो ते आपण."

"मग ती हाव काढा की माज्यातली. प्रार्थना करा."

"करीन. पण ती उद्या जाईल असा शब्द देत नाही. आणि बांध कोरणाऱ्या हातावर गुरुवारी मी प्रभुभोजनाची भाकर ठेवणार नाही. आधी माती परत टाका."

शमुवेल ताडकन उठला. ईस्टरच्या आधीचा तो गुरुवार, सगळी मंडळी प्रभुभोजनाला जमणार, आणि पंचालाच भाकर नाही? "त्या चर्चवर पत्रे माज्या बापानं घातले. फ्लॅटात ऱ्हाणाऱ्याला बांध काय कळतो?"

"वडिलांनी पत्रे घातले. तुम्ही काय घातलं?" असं म्हणून पाळक पायातली माती झाडत निघून गेले.

पुढं शमुवेलच्या घरात नवराबायकोत अबोला पडला. बुधवारी दुपारी मी पाण्याची पाळी विचारायला गेलो, तर रिबकानं नवऱ्यापुढं मटणाचं ताट वाढलेलं. रस्सा वाफाळत होता.

"खावा," ती म्हणाली.

"उपास हाय माजा."

"कशाचा? सोडायचं व्हतं ते सोडलं न्हाई. मंग ह्येनं काय घोडं मारलंय? खावा पोटभर."

शमुवेल ताटाकडं बघत राहिला. तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. मग त्यानं ताट सरकवलं, पाटी-फावडं उचललं आणि बाहेर पडला. रिबका मागोमाग निघाली, आणि तिच्यामागं मीही.

हद्दीचा जुना दगड सापडला तो त्याच्या नांगरटीत, चांगला आतमध्ये. मलाच लाज वाटली. ऊन नुसतं भाजत होतं, रस्त्यावरच्या कंटेनरांची धूळ नाकातोंडात जात होती आणि शमुवेल पाटीपाटीनं बांध घालत होता. शालनबाई काठी घेऊन उभी. पाण्याचा तांब्या तिच्याजवळच होता, पण तिनं विचारलं नाही.

"तुज्या देवाच्या भ्यानं आलास," ती म्हणाली. "मी माफ केलं असं समजू नगंस."

"न्हाई समजत."

मध्येच तो थांबला आणि वळणाकडं बघत राहिला. रिबकानं ते बघितलं.

"आजून वाटतंय?"

"वाटतंय. लई वाटतंय."

"वाटू दे. पाटी भरा."

त्यानं पाटी भरली. शालनबाईनं काठी टेकवली ती दगडाच्या हातभर पुढं, त्याच्या रानात.

"काकी, दगड तिकडं ऱ्हायला."

"ऱ्हाऊ दे. इतकी सालं खाल्लंस न्हवं?"

त्यानं दगडाकडं बघितलं, काठीकडं बघितलं, आणि पाटी काठीपाशी ओतली.