गिलक्याच्या देठावरची लाल चिंधी

मित्रांनो, मी एक जुनी चिंधी आहे. हसलात ना? हसा. आपली कहाणी सांगायला नदीने यावं, वडाच्या झाडाने यावं, निदान शाळेच्या घंटेने तरी यावं. वीतभर चिंधीला कोण विचारतो! पण एक गोष्ट माझ्या मनात सलते आहे आणि ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणून सांगते.

माझा जन्म धुळ्याचा. पांझरेच्या पलीकडे देवपुरात कादरभाईंचं शिलाईचं छोटं दुकान होतं. एका वर्षी त्यांच्याकडे बँडवाल्यांचे लाल कोट शिवायला आले. माझ्या सख्ख्या बहिणींना सोनेरी बटणं लागली, त्या वरातीत मिरवल्या. मी मात्र काठाची उरलेली पट्टी. मशीनखाली पडले, तिथे धूळ खात होते. कादरभाईंची बायको सलीमा झाडायला आली आणि तिने मला उचलून उजेडात धरलं. "हिरव्या पानांत हीच दिसेल," ती म्हणाली. त्या दिवशी मला नोकरी लागली.

नोकरी कसली? सलीमाच्या घरामागे, शेजारच्या सारिकाच्या घराला लागून, एक चिंचोळं अंगण होतं. तिथे तिची परसबाग. वाल, मेथी, पोकळा, एका कोपऱ्यात अळू. पण तिचा जीव होता गिलक्याच्या वेलावर. तुमच्याकडे कदाचित त्याला घोसाळं म्हणत असतील. हे गिलकं बाजारातलं नव्हतं. आखूड, अंगावर पांढुरक्या रेघा, आणि कधी म्हणून कडू निघालं नाही. साक्रीकडच्या खेड्यातून सलीमा लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या आईने ओढणीच्या टोकाला हे बी गाठ मारून दिलं होतं. आई गेली, माहेरचं घर गेलं, बी तेवढं राहिलं.

दरवर्षी थंडी पडली की सलीमा वेलावरची फळं निरखायची. सरळ, निरोगी, बिनडागाचं एक फळ निवडायची आणि त्याच्या देठाला मला बांधायची. चिंधी बांधली म्हणजे हे फळ तोडायचं नाही, वेलावरच वाळू द्यायचं, ते बियाचं. मित्रांनो, माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! भाजीसाठी हात पुढे आला की मी दिसायचे आणि हात मागे जायचा. कादरभाई थट्टा करायचे, "जीनत की अम्मी, ये गिलका है के बँडवाला?" मला ते फार आवडायचं. उन्हातान्हाने माझा रंग विटला, पण हुकूम कुणी मोडला नाही.

फळ वाळून हलकं झालं की सलीमा ते कानाशी नेऊन हलवायची. आत बिया खुळखुळ वाजायच्या. मग पौषातल्या उन्हात खाटेवर सूप यायचं. एकेक बी बोटाने चाचपून घेतलं जायचं, पोचट ते बाजूला, भरीव ते डब्यात. मुलगी जीनत वहीच्या पाठकोऱ्या पानावर अंगण काढायची आणि कुठे काय लावायचं यावर मायलेकींचं भांडण जुंपायचं. शेवटी कादरभाई गळ्यातली टेप काढून वाफे मोजायचे आणि कपड्यावरच्या खडूने जमिनीवर रेघ ओढायचे. रेघ तासाभरात पुसून जायची. तरी दरवर्षी ओढायचे.

आता आमची चूक सांगते. आमची म्हणते, कारण त्यात मीही होते.

भिंतीपलीकडची सारिका दर हिवाळ्यात यायची. "अक्का, माले चार बिया दे ना."

"पुढला साल देसू," सलीमा म्हणायची. "यंदा थोड्याच शेत."

थोड्या नसायच्या. डबा भरलेला असायचा. सलीमा भाजी वाटायची, भरभरून वाटायची, पण बी नाही. आईचं एवढंच आपल्याकडे उरलं आहे, ते घरोघरी झालं तर आपलं काय राहिलं, असं तिला वाटायचं. आणि मला? मला वाटायचं, सारिकाच्या वेलावर दुसरी चिंधी आली तर माझा मान कमी होईल. बारा हिवाळे सारिका मागत राहिली. बारा हिवाळे "पुढला साल" झालं.

गेल्या वर्षी डब्याला ओल लागली. बहुतेक बिया बुरसटल्या. धड निघाल्या त्या सगळ्या सलीमाने पावसाळ्यात लावल्या. पाऊस असा लागून राहिला की अंगणात पाणी साचलं आणि एकच वेल जगला. तोही उशिरा फळावर आला. थंडीत त्यावर दोनच गिलकी राहिली. सलीमाने मोठ्याला मला बांधलं आणि म्हणाली, "सांभाळ गं बाई." डब्यात आता एकही बी नव्हतं.

आठ दिवसांनी सकाळी तिने पाहिलं, तर मोठ्या फळाला माशीने डंख मारलेला. आतून सडायला लागलं होतं. तिने मला सोडलं, ते फळ तोडून टाकलं आणि दुसऱ्या, धाकट्या फळाकडे वळली. मला देठाभोवती घालणार, एवढ्यात जीनत मागच्या दाराने धावत आली. "अम्मी, अब्बू दुकानात पडले!"

सलीमा धावली. मी तिच्या मुठीत होते.

दवाखान्याच्या बाकावर तिने मला बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग ओढणीच्या टोकाला बांधून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कादरभाई गेले. ज्या हातांनी मला कापलं होतं, ते हात मी तिथे शेवटचे पाहिले. बोटांवर अजून खडू होता.

मय्यतीच्या घरात तीन दिवस चूल पेटली नाही. शेजारपाजारचे जेवण आणून देत होते. तिसऱ्या दिवशी सारिका आली. खिचडी आणि मुगाची डाळ घातलेली भाजी. सलीमाने तोवर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. सारिका तिच्यापुढे बसली, ताटली तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "अक्का, चार घास खाय. तुना वेलवरनंच गिलकं शे. तुले आवडस म्हनीसन करं. मी चिंधी देखी, नव्हती, मंग तोडं."

सलीमाचा हात ताटलीवरच थांबला. तिने खाली ओढणीच्या टोकाकडे पाहिलं. मी तिथे होते. मित्रांनो, चिंधीला तोंड नसतं हे त्या वेळी बरं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं की सारिका, तुझी काही चूक नाही, तू तर पाहिलंस, मीच जागेवर नव्हते.

सलीमाने मला मुठीत झाकलं. दुसऱ्या हाताने एक घास घेतला. मग दुसरा. सारिका समोर बसून होती, म्हणून ताटलीतलं सगळं संपवलं.

"गोड शे, सारिका," ती म्हणाली.

सारिका डोळे पुसत, रिकामी भांडी घेऊन गेली. ती गेल्यावर सलीमा रडली. सगळ्यांना वाटलं, कादरभाईंसाठी रडते आहे. त्यांच्यासाठी रडतच होती. पण त्या रडण्यात तिची आईही होती, हे फक्त मला माहीत होतं.

पुढे इद्दतीचे दिवस सुरू झाले. नवरा गेलेल्या बाईने घरातच राहायचे ते चार महिने दहा दिवस. मागच्या अंगणात ती जाऊन बसायची. वेल पिवळा पडला, वाळला, तरी तिने काढला नाही. उन्हाळी भाजीचा हंगाम तोंडावर आला, तेव्हा सारिका पुन्हा आली. हात मातीने भरलेले होते.

"अक्का, मी वाफा करेल शे. यंदा तरी चार बिया दे."

मी ओढणीच्या टोकाला आवळून बसले. आता सलीमा खरं काय ते सांगेल, मला वाटलं. सांगायला हवंच होतं असंही वाटलं.

"बी ऱ्हायनं नही, सारिका," सलीमा म्हणाली. "फळ ठेवानं माले ध्यानमाच ऱ्हायनं नही."

"असू दे अक्का. इतलं मोठं दुख व्हयनं तुले." सारिकाने तिचा हात हातात घेतला. "शेवटलं गिलकं तू मन्हा हातनं खादं, तेच खरं."

सलीमाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी जीनतने बाजारातून पाकीट आणलं. त्यावर हिरव्यागार लांब गिलक्यांचं चित्र होतं. जीनतने पाठकोऱ्या पानावर अंगण काढलं. या वेळी भांडण झालं नाही. वाफे मोजायला सलीमाने कादरभाईंची टेप खाली काढली, थोडा वेळ हातात धरली आणि न उलगडताच गुंडाळून ठेवली. वीत टाकून वाफे मोजले. मग ओढणीची गाठ सोडून तिने मला त्या टेपभोवती बांधलं.

तेव्हापासून मी कपाटात आहे. माझं काम तेच आहे, हात लावू नका म्हणायचं. जीनत कपाट उघडते, मला पाहते आणि हात मागे घेते. हुकूम अजून चालतो. फक्त जे राखते आहे, त्यातून काही उगवणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखाद्या डब्यात, पुडीत, राखेच्या मडक्यात जुनं बी असेल. थंडीत ते उन्हात येईल, घरातली माणसं निवडायला बसतील. तुम्हीही बसा. पोचट कोणतं, भरीव कोणतं, बोटांना शिकू द्या. ओल लागू देऊ नका. आणि डबा बंद करण्याआधी चार बिया बाजूला काढून शेजारच्या घरी नेऊन द्या. पुढच्या वर्षी नको, याच वर्षी. आम्ही बारा वर्षं ते राखलं आणि एका दुपारी, प्रेमाने वाढलेल्या ताटलीत, ते संपलं.

भिंतीपलीकडे सारिकाचा वाफा रोज दिसायचा. तिने चारच बिया मागितल्या होत्या.