पाच गोदामांची सरासरी

तिसऱ्या नमुन्याचं द्रावण तिने यंत्रात पुन्हा घातलं. आकडा तोच आला. पाळणाघरांना जाणाऱ्या तांदळाचे पाच गोदामांतून पाच नमुने आले होते. चार निर्धोक होते. तिसऱ्यात कॅडमियम मर्यादेच्या दुप्पट. एकदा पोटात गेला की मूत्रपिंडात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणारा धातू.

प्रयोगशाळेचे प्रमुख तिच्या टेबलाला टेकून संत्रं सोलत होते. या खोलीत खायला मनाई असल्याची पाटी त्यांनीच लावली होती. त्यांनी आकडा पाहिला, एक फोड तोंडात टाकली आणि अगदी सहज सुचवलं, की पाचही नमुने एकत्र दळावेत आणि एकदाच मोजावेत. शेवटी पोरं काही एकाच गोदामातलं खात नाहीत. बोलता बोलता त्यांनी तिच्या काचेच्या बशीत बी थुंकली.

तिने दळलं, मोजलं. सरासरी मर्यादेच्या आत बसली. अहवालावर सही करून तिने ती बशी तीनदा धुतली आणि तरी कचऱ्यातच टाकली. दुपारी डबा उघडला तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख हसतच आले. त्यांच्या मुलीला दिवस गेले होते. ती काही महिने राहायला आली होती. गोदामवाले ओळखीचे, पोतंभर तांदूळ घरपोच करतो म्हणत होते. प्रमुखांनी आवाज खाली आणला.

"त्या पाचांतलं चांगलं गोदाम कुठलं गं?"

तिने कालच्या मिसळलेल्या पिठाची पिशवी त्यांच्यापुढे ठेवली.

"हे पास झालंय, सर."

"मी घरासाठी विचारतोय."

त्यांनी दोन बोटांनी पिशवी दूर सारली आणि ती बोटं पँटला पुसली. ती त्या बोटांकडे बघत राहिली. अंगावर शिसारी आली. मग तिची नजर स्वतःच्या हाताकडे गेली, आणि शिसारी काही कमी झाली नाही.

"पहिलं," तिने खरं तेच सांगितलं. मुलीचा यात काय दोष?

ते गेल्यावर ती खाली जावक विभागात गेली. कारकून टपालाचा गठ्ठा बांधत होता. तिने कालच्या अहवालाचं पाकीट परत मागितलं.

"पत्ता चुकला का, बाई?"

"नाही," ती म्हणाली. "सही चुकली."