वठलेल्या झाडाजवळची गोष्ट

अभयारण्याच्या विश्रामगृहात चादरी धुणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा इथेच जीप चालवायचा, पाहुण्यांना जनावरं दाखवून आणायचा. एका हत्तीने त्याला तुडवलं. मग विश्रामगृहाच्या साहेबांनी तिला धुलाईखोलीत लावून घेतलं आणि जीप तिच्या दिराच्या हाती दिली. ज्या जंगलाने नवरा गिळला त्याच्या तोंडाशीच तिचं पोट भरू लागलं. आत मात्र ती एकदाही गेली नव्हती.

आत नेता का, असं दिराला तिने कितीदा तरी विचारलं. तो दरवेळी काहीतरी खुसपट काढायचा. कधी जीप भरलेली, कधी रस्ता खचलेला. तिथं बघण्यासारखं काय आहे, एक वठलेलं झाड, असं म्हणून विषय मोडायचा. दीर तसा मायेचा. भाऊ गेल्यापासून त्याने घरात काही कमी पडू दिलं नव्हतं, म्हणून तिनेही फार ताणलं नाही. पण आपलं माणूस जिथं पडलं ती जागाच ठाऊक नाही, तर डोळे मिटल्यावर आणायचं काय समोर? तिला नुसती धूळ दिसायची.

मग एका सकाळी जीपमधून एक जोडपंच निघालं होतं आणि साहेब फाटकाशी उभे होते. तिने थेट त्यांनाच विचारलं. बसा की मागे, साहेब म्हणाले. दिराचा चेहरा उतरला, पण साहेबांपुढे त्याची जीभ रेटेना.

जोडपं उतारवयाचं, हौशी. नवऱ्याच्या गळ्यात दुर्बीण, बायकोच्या हातात कॅमेरा. मागे बसलेली बाई विश्रामगृहातली कुणी असेल, एवढंच त्यांनी धरलं आणि पुढे पाहू लागले. मोर दिसला, रानडुकरं दिसली, पाणवठ्यावर ओंडक्यासारखी पडलेली मगर दिसली. दीर एरवी बोलघेवडा, पण आज विचारलं तेवढंच सांगत होता.

पाणवठ्याच्या पुढे रानकुत्र्यांनी हरणाचं पाडस धरलं होतं. ते अजून जिवंत होतं, आणि कुत्री मागून खात होती. पाहुणीने कॅमेरा खाली केला. तिचा नवरा म्हणाला, निसर्ग आहे हा, चालायचंच. वहिनी मात्र पलीकडे उभ्या असलेल्या हरणीकडे बघत होती. हरणी कान टवकारून उभी राहिली, दोन पावलं पुढे आली, मागे गेली. मग थोड्या वेळाने तिने मान खाली घातली आणि चरायला लागली. नवऱ्याला पोचवून आल्यावर तिलाही भूक लागली होती, आणि त्याची लाज तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

जीप पुढे निघाली. पाहुणीला गप्प बसवेना.

"ते झाड कधी येणार हो?" तिने विचारलं. "आमचे शेजारी येऊन गेले ना, ते म्हणत होते, तुम्ही त्या ड्रायव्हरची गोष्ट फार रंगवून सांगता."

दिराने आरशात पाहायचं टाळलं. जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या, असं काहीसं तो पुटपुटला. वहिनीला आता कळलं, दीर इतके दिवस आपल्याला इथे का येऊ देत नव्हता. तिला आधी राग आला, मग तोही धड येईना.

"सांगा की भाऊजी," ती मागून म्हणाली. "मलाही ऐकायचीय."

झाड आलं. सालं गळून पांढरं पडलेलं. दिराने जीप थांबवली आणि समोरच्या काचेकडे बघत सांगू लागला. चाक पंक्चर झालं, ड्रायव्हर खाली उतरला, तेवढ्यात झाडीतून हत्ती आला. जीपमध्ये लहान मुलं होती. ड्रायव्हरने छातीवर हात मारून हत्तीला आव्हान दिलं, त्याला आपल्या मागे घेऊन या झाडापर्यंत पळाला आणि पाहुण्यांचे प्राण वाचवले. शब्द सगळे घोटलेले होते, पण आज तो ते अडखळत म्हणत होता. पाहुणीने डोळे पुसले.

त्याच वेळी डावीकडच्या झाडीत फांदी मोडली. एक थोराड हत्ती पाला ओरबाडत उभा होता. त्याने जीपकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"हाच का तो?" पाहुण्याने दबक्या आवाजात विचारलं.

मग वहिनीने विचारलं, "हाच का, भाऊजी?"

"माहीत नाही, वहिनी," तो म्हणाला. "कुणालाच माहीत नाही. जीपमधले लोक सीटखाली डोकी घालून बसले होते. त्यांना नुसतं ओरडणं ऐकू आलं."

पाहुणी मागे वळली. तिच्या ध्यानात आलं असावं.

"तो माझा नवरा," वहिनी म्हणाली. "पालीला घाबरायचा. भिंतीवर पाल दिसली की मला हाक मारायचा. तो जीव घेऊन पळाला असणार. कुणीही पळेल."

हत्ती पाला खात राहिला. मग अंग वळवून झाडीत शिरला. वहिनी खाली उतरू लागली तसा दिराने मागे हात करून तिचं मनगट धरलं, आणि जीप चालू होईपर्यंत सोडलं नाही. परतल्यावर फाटकापाशी त्याने एवढंच विचारलं, बंद करू का सांगायचं? ती म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. त्या दिवसापासून दीर झाडापाशी थांबेनासा झाला.

पण गोष्ट काही थांबली नाही. बाकीचे ड्रायव्हर होतेच. पुढल्या हंगामात ती एका खोलीतल्या चादरी काढत असताना तिथल्या पाहुणीने तिला अडवलं. कालच ऐकलं म्हणे, त्या ड्रायव्हरची बायको काळे कपडे घालून जंगलात गेली, आणि तो हत्ती तिच्यापुढे गुडघे टेकून रडला. खरं का हो हे?

वहिनीने चादर गोळा करून काखेत मारली.

"असेल," ती म्हणाली. "मी कधी आत गेले नाही."

उशीचे अभ्रे काढायचे राहिले होते, ते तिने काढले.